किनाऱ्यावरचा कचरा कोठून येतो?

ज्यांनीं समुद्र कधीं पाहिला नाहीं असे वाचक आमच्या खेड्यापाड्यांत पुष्कळ आहेत. तामलवाडीच्या रस्त्यावर उभें राहिलें असतां एका अंगास सोलापूर, दुसऱ्या अंगास तुळजापूर, मध्यें टोलनाका, आणि भोवतीं ज्वारी-तुरीचीं व सोयाबीनचीं रानें. अरबी समुद्र येथून फार दूर. मध्यें सबंध सह्याद्रि आडवा पडलेला. मग समुद्रकिनाऱ्यावरील कचऱ्याचा धडा ह्या वाचकांस कशासाठीं, असें कोणी विचारील तर तें योग्यच आहे. आमचें उत्तर असें कीं, किनाऱ्यावर सांपडणाऱ्या कचऱ्याचा मोठा भाग समुद्रांत उत्पन्न झालेला नसतो. तो जमिनीवरून जातो. आणि त्याची जाण्याची वाट म्हणजे गटार, नाला, ओढा, नदी. ओढा तर आमच्याहि गांवास आहे.

समुद्र न पाहिलेल्यांसाठीं आधीं थोडी ओळख करून देऊं. समुद्राचें पाणी दिवसांतून सुमारें दोन वेळां चढतें व दोन वेळां उतरतें. चढण्यास भरती व उतरण्यास ओहोटी म्हणतात. अमावास्या व पौर्णिमा ह्यांच्या सुमारास भरती अधिक चढते. तिला उधाण म्हणतात. भरतीचें पाणी जेथपर्यंत येऊन मागें फिरतें, तेथें वाळूवर एक लांबच लांब रेघ राहते. ह्या रेघेंत पूर्वीं शिंपले, शेवाळ, लांकडाचे तुकडे, फार तर नारळाच्या करवंट्या असत. आतां मुंबईच्या गिरगांव, दादर, जुहू किंवा वर्सोवा ह्या किनाऱ्यांवर पावसाळ्यांत तीच रेघ पाहावी. पिशव्या, शांपूच्या व सुपारीच्या पुड्या, बाटल्यांचीं बुचें, तुटक्या चपला, थर्माकोलचे तुकडे, नायलॉनच्या दोऱ्या, दुधाच्या पिशव्यांचे कापून टाकलेले कोपरे! ह्यांतील एकहि वस्तु समुद्रांत पिकत नाहीं. किराणा दुकानांत मिळणाऱ्या ह्या वस्तु आहेत, आणि आपल्या गांवच्या दुकानांतहि त्याच टांगलेल्या असतात.

वर्सोव्याची हकीकत ह्या बाबतींत मोठी बोधप्रद आहे. ऑक्टोबर २०१५ मध्यें अफरोज शहा नांवाच्या एका तरुण वकिलांनीं एका वृद्ध शेजाऱ्यास बरोबर घेऊन तेथील किनारा स्वतःच्या हातांनीं साफ करण्यास आरंभ केला. किनारा सुमारें अडीच किलोमीटर लांबीचा. कांहीं ठिकाणीं कचऱ्याचा थर माणसाच्या कमरेइतका. आरंभीं दोघेच होते. पुढें कोळी बांधव, विद्यार्थी, घरकाम करणाऱ्या बाया, सिनेमांतले नट, असे सर्व प्रकारचे लोक शनिवार-रविवारीं येऊं लागले. २०१६ सालीं संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमानें शहा ह्यांचा सन्मान केला. मार्च २०१८ मध्यें, पुष्कळ वर्षांनंतर, ऑलिव्ह रिडले जातीच्या कासवांचीं पिलें त्या वाळूंतून निघून समुद्राकडे जातांना लोकांनीं पाहिलीं.

इतकी हकीकत वर्तमानपत्रांत येऊन गेली आहे. तिचा दुसरा अर्धा भाग मात्र कमी सांगितला जातो, आणि आमच्या मतें धडा त्यांतच आहे. स्वच्छ केलेला किनारा पावसाळ्यांत पुन्हा भरे. पुन्हा साफ करावा, पुन्हा भरे. तेव्हां शहा व त्यांचे सोबती पुढें मिठी नदीच्या सफाईकडे वळले, वस्त्यांत जाऊन लोकांशीं बोलूं लागले. घरांत पाणी तुंबलें आणि नळ वाहतच आहे, तर शहाणा मनुष्य केवळ पोतेरें घेऊन बसत नाहीं. तो आधीं नळाकडे जातो.

ही मिठी नदी विहार व पवई ह्या तलावांच्या सांडव्यापासून निघते आणि सुमारें १८ किलोमीटर वाहून माहीमच्या खाडींत समुद्रास मिळते. इतक्या लहान वाटेंत दाट वस्त्या, कारखाने व बाजार तिच्या दोन्ही तीरांस लागले आहेत. जेथें कचरा उचलणारी गाडी गल्लींत शिरत नाहीं तेथें नाला हीच कचऱ्याची पेटी होते. २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझ येथें चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला व मुंबई बुडाली, तेव्हां पाणी तुंबण्याच्या कारणांत पिशव्यांनीं चोंदलेलीं गटारेंहि होतीं. जो कचरा गटारांत अडकत नाहीं तो खाडींत जातो. आणि जून ते सप्टेंबरपर्यंत वारा नैर्ऋत्येकडून, म्हणजे समुद्राकडून जमिनीकडे वाहत असल्यामुळें, लाटा त्यांतला बराच कचरा उधाणाबरोबर पुन्हा किनाऱ्यावर आणून टाकतात. मुंबईकर म्हणतात कीं समुद्र कोणाचें कांहीं ठेवून घेत नाहीं. हें बोलणें अर्धेंच खरें आहे. पुष्कळसें तो ठेवून घेतो.

कारण सगळें प्लास्टिक तरंगत नाहीं. पिशव्यांचें पॉलिथिन व पोत्यांचें पॉलिप्रॉपिलिन हीं पाण्याहून हलकीं. म्हणून तीं वर राहतात. पाण्याच्या बाटलीचें प्लास्टिक पाण्याहून जड. बूच घट्ट लावलेली रिकामी बाटली तरंगते, बूच नसलेली भरून तळाशीं जाते. नायलॉनचीं जाळींहि बुडतात. तेव्हां किनाऱ्यावर जें दिसतें तें सर्व नव्हे. दिसतें तें वर राहणारें, तेंहि वाऱ्यानें परत आणलेलें.

मग हे लोक पूर्वींच्या लोकांहून अधिक घाणेरडे झाले काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. आपल्या आजोबांच्या काळीं वाण्याकडून साखर कागदाच्या पुडींत दोऱ्यानें बांधून येई; मटण पळसाच्या पानांत; तेलास घरची बाटली; धान्यास तागाचें बारदान. काम झालें कीं पुडी फेकली, पान फेकलें. ओढ्यांतच फेकलें! पण एका पावसाळ्यांत त्याची माती होई. फेकण्याची संवय जुनीच आहे. फेकण्याची वस्तु तेवढी बदलली. पॉलिथिन १९३३ सालीं इंग्लंडांतील एका रसायनांच्या कारखान्यांत प्रयोग करतां करतां अनपेक्षितपणें हातीं लागलें. १९५० सालीं साऱ्या जगांत मिळून सुमारें २० लाख टन प्लास्टिक तयार होत असे. २०१५ सालीं तें सुमारें ३८ कोटि टन झालें. २०१७ मध्यें प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासाप्रमाणें तोंवर जेवढें प्लास्टिक कचरा म्हणून टाकलें गेलें, त्यांतील शेंकडा ९ च्या आसपास पुन्हा वापरांत आलें, शेंकडा १२ जाळलें गेलें, आणि बाकीचें शेंकडा ७९ उकिरड्यांत किंवा उघड्या सृष्टींत पडून राहिलें. पान टाकण्याच्या हातानें आपण पिशवी टाकतों, आणि पिशवीची माती होत नाहीं, इतकी ही साधी गोष्ट आहे.

ती झिजते मात्र. ऊन, वाळू व लाटा ह्यांनीं तिचे तुकडे होतात, तुकड्यांचे कण होतात. ५ मिलिमीटरहून लहान अशा कणांस सूक्ष्म प्लास्टिक म्हणतात. ते मासळीच्या पोटांत सांपडतात, मिठांत सांपडतात; आणि २०२२ सालीं नेदरलंड्समधील संशोधकांनीं माणसाच्या रक्तांतहि ते आढळल्याचें प्रसिद्ध केलें. एकदां कण झाले म्हणजे ते वेंचून काढणें मनुष्याच्या हातचें राहत नाहीं. म्हणून पिशवी पिशवी आहे तोंवरच ती उचलली पाहिजे.

ह्या कचऱ्याची झळ पहिल्यानें कोणास लागते? वर्सोवा हें कोळ्यांचें जुनें गांव. ते 'डोल' नांवाचें जाळें लावतात. हें पिशवीसारखें मोठें जाळें समुद्रांत खुंटांस बांधून ठेवतात, आणि भरती-ओहोटीचें पाणी त्यांतून वाहत असतां बोंबील, जवळा, कोळंबी त्यांत अडकते. पाण्याबरोबर जें वाहतें तें सर्व त्यांत शिरतें, म्हणून प्लास्टिकहि शिरतें. जाळें ओढल्यावर मासळी एकीकडे व पिशव्या एकीकडे असें हातानें निवडीत बसावें लागतें. ज्या शेतकऱ्यानें हरळी माजलेल्या रानांत निंदणी केली आहे त्यास हें दुःख सांगावें लागणार नाहीं. फरक इतकाच कीं हरळी आपल्याच रानाची असते, आणि कोळ्याच्या जाळ्यांतली पिशवी दुसऱ्या कोणाची.

जहाजांचा व मासेमारीचाहि ह्या कचऱ्यांत भाग आहे, हें न सांगणें अन्यायाचें होईल. कोळ्यांचीं जाळीं पूर्वीं सुताचीं व तागाचीं असत, तीं आतां नायलॉनचीं आहेत. तुटून समुद्रांत राहिलेलें जाळें धन्यावांचून वर्षानुवर्षें मासे व कासवें मारीत राहतें. २५ मे २०२५ रोजीं 'एम. एस. सी. एल्सा ३' नांवाचें मालवाहू जहाज केरळच्या किनाऱ्यापासून दूर बुडालें, तेव्हां ज्यांपासून प्लास्टिकच्या वस्तु बनवितात असे बारीक मणी तिरुवनंतपुरमच्या वाळूंत येऊन मिसळले, आणि लोकांस ते चाळण्यांनीं वेंचावे लागले. पण असे अपघात केव्हां तरी होतात. नाले रोज वाहतात.

आतां आपल्या गांवाकडे येऊं. आपल्या भागांतील पुष्कळ लोकांची अशी समजूत असते कीं सर्व पाणी शेवटीं मुंबईच्या समुद्रास जातें. तसें नाहीं. सह्याद्रीच्या पश्चिमेच्या आखूड नद्या अरबी समुद्रास मिळतात. आपल्या तालुक्यांतले ओढे कोणी सीनेस मिळतात, कोणी नळदुर्गावरून जाणाऱ्या बोरीस. ह्या दोन्ही नद्या भीमेच्या. सीना हत्तरसंग-कुडल येथें भीमेस मिळते. (तेथील देवळांत शके ९४० चा, म्हणजे सन १०१८ चा, मराठी शिलालेख आहे, सोलापूरकडे जाण्याचा योग आला तर तो अवश्य पाहावा.) भीमा रायचूरजवळ कृष्णेंत शिरते, आणि कृष्णा आंध्र प्रदेशांत हंसलदीवीजवळ बंगालच्या उपसागरास मिळते. तेव्हां तामलवाडीचा समुद्र पूर्वेस आहे.

तर मग तामलवाडीच्या ओढ्यांत टाकलेली पिशवी हंसलदीवीच्या वाळूवर पोंचते काय? एखादी पोंचत असेल. परंतु बहुतेक पोंचत नाहींत, आणि आम्ही वाचकांस भय घालण्यासाठीं खोटें सांगणार नाहीं. वाटेंत बंधारे आहेत, कोरडीं पात्रें आहेत, बाभळीचीं झुडपें आहेत. कृष्णेवर तर जुराला, श्रीशैलम, नागार्जुनसागर व पुलिचिंतला हीं धरणें आणि विजयवाड्याचा प्रकाशम बंधारा आहे. २०२१ सालच्या एका अभ्यासांत असें दिसून आलें कीं नद्यांच्या वाटेनें समुद्रांत जाणाऱ्या प्लास्टिकापैकीं शेंकडा ८० एक हजाराहून अधिक नद्यांतून जातें, आणि त्यांत समुद्राजवळच्या शहरांतल्या, मिठीसारख्या लहान नद्यांचा वांटा फार मोठा आहे. कचरा समुद्रापासून जितका दूर पडतो तितका तो वाटेंत अडकण्याचा संभव अधिक.

पण हें ऐकून ज्यास हायसें वाटलें असेल त्यानें पुढचा प्रश्न विचारावा: जो कचरा समुद्रास गेला नाहीं तो आहे कोठें? तो येथेंच आहे. किनाऱ्यास निदान भरतीची रेघ असते आणि कचरा एके ठिकाणीं दिसतो. आपल्याकडे तो बांधावर, ओढ्याच्या वळणावर, पुलाच्या मोरींत, विहिरीच्या तळाशीं व गाईच्या पोटांत विखुरलेला असतो. शिळी भाकरी, आंबलेलें कालवण किंवा भाजीचीं देठें पिशवींत घालून, वर गांठ मारून बाहेर ठेवण्याची जी रीत पडली आहे ती फार वाईट. गुरांस वास येतो, गांठ सोडतां येत नाहीं. तीं पिशवीसकट गिळतात. पिशवी पोटांतून पुढें सरकत नाहीं, बाहेर येत नाहीं. एकीवर एक सांठते. जनावर चारा कमी करतें, रवंथ मंदावतो, पोट फुगतें. आणि गुरांच्या डॉक्टरांनीं पोट चिरून काढल्यावांचून उपाय राहत नाहीं. ज्या कुटुंबाचा दूध हाच रोजचा पैसा आहे त्यास ही आपत्ति काय असते हें आमच्या वाचकांस ठाऊक आहे. अन्न टाकणेंच झालें तर उघडें टाकावें, गव्हाणींत टाकावें. पिशवींत बांधून कदापि टाकूं नये.

शेतांतलाहि कचरा आहे. टोमॅटो-कलिंगडाच्या वाफ्यांवर अंथरलेला मल्चिंग कागद (ह्यास कागद म्हणतात, पण तो कागद नव्हे), ठिबकच्या फाटक्या नळ्या, खतांच्या गोण्या, आणि औषधांच्या बाटल्या. औषधाची रिकामी बाटली ओढ्यांत टाकणें म्हणजे प्लास्टिकाबरोबर विषहि सोडणें होय. ती तीन वेळां पाण्यानें विसळून तें पाणी फवाऱ्याच्या टाकींतच ओतावें, बाटलीस भोंक पाडावें, म्हणजे कोणी तींत तेल किंवा पाणी भरणार नाहीं.

जाळून टाकावें, असें पुष्कळ सांगतात. सकाळच्या वेळीं गांवोगांव झाडलोट करून त्या ढिगास काडी लावण्याची चाल आहेच. पालापाचोळ्याच्या धुरासारखा हा धूर नव्हे. कांहीं प्लास्टिकांत, विशेषतः पाइपांच्या व वायरींच्या पी.व्ही.सी.मध्यें, क्लोरीन असतो. उघड्यावर अर्धवट जळतांना त्यापासून डायॉक्सिन नांवाचीं अति विषारी द्रव्यें होतात. ज्या बाईनें झाडलें तिच्या व जवळ खेळणाऱ्या लेंकरांच्या छातींत तो धूर पहिल्यानें जातो. डिसेंबर २०१६ मध्यें राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानें उघड्यावर कचरा जाळण्यास मनाई करून ५,००० रुपये दंड ठरविला आहे.

कायद्यांची कमतरता नाहीं. महाराष्ट्र सरकारनें २३ मार्च २०१८ रोजीं हातपिशव्या, थर्माकोलचीं ताटें-वाट्या इत्यादींवर बंदी घातली. १ जुलै २०२२ पासून प्लास्टिकचे पेले, चमचे, ताटल्या अशा एकदांच वापरावयाच्या वस्तूंवर देशभर बंदी आली. पण ओढ्यांत सर्वांत अधिक जी सांपडते ती लहान पुडी ह्या बंदींतून सुटली. ती पुडी एका पदार्थाची नसते. प्लास्टिकचे दोन-तीन थर व मध्यें चकाकणारा धातूचा पातळ थर असे चिकटवलेले असतात. ते वेगळे करणें कठीण, म्हणून तिला भंगारांत मोल नाहीं. आणि ज्यास मोल नाहीं तें कोणी उचलीत नाहीं. पुडी घेणाऱ्या गरीबास दोष देणें सोपें आहे, परंतु आम्हांस तें रुचत नाहीं. ज्याच्या हातीं रोजची मजुरी येते तो शांपूची मोठी बाटली आणणार कोठून? पुडी त्याच्यासाठींच काढली आहे, आणि तिच्या विक्रीचा नफा ती काढणाराच घेतो. २०१६ च्या केंद्रीय नियमांनीं अशीं वेष्टनें परत गोळा करण्याची जबाबदारी माल काढणाऱ्यांवर टाकली आहे. खेड्याच्या ओढ्यापर्यंत ती जबाबदारी अद्याप चालत आलेली क्वचितच दिसते. ग्रामसभेंत हा प्रश्न विचारण्याचा अधिकार प्रत्येक गांवकऱ्यास आहे, आणि आमच्या बंधुभगिनींनीं तो विचारावा.

आपल्या मंडळ्यांविषयीं एक शब्द. प्रीतिभोजनास व लग्नाच्या पंगतीस चकचकीत ताटें आणली म्हणजे मान वाढतो अशी एक समजूत शिरली आहे. शंभर पानांची पंगत उठली कीं मंदिरामागें जो ढीग पडतो, तो पहिल्या वाऱ्यानें ओढ्यांत जातो. पळसाची पत्रावळ लावणारे हात अजून आपल्याकडे आहेत. त्या हातांस चार पैसे मिळतील, आणि उष्ट्यासकट पत्रावळ खतांत जाईल.

आतां अभ्यास. उपदेशक व शिक्षक ह्यांनीं हा धडा फळ्यावर शिकवूं नये. मृगाचा पाऊस येण्यापूर्वीं, म्हणजे मेच्या अखेरीस, ओढा कोरडा असतां, शब्बाथशाळेच्या थोरल्या मुलांस घेऊन पात्रांत उतरावें. हातांत जाडें फडकें असावें. कांच व सुया ह्यांस मुलांनीं हात लावूं नये. शंभर पावलें मोजून तेवढ्यांतलें सर्व गोळा करावें आणि चार ढीग करावे: कुजणारें एक, भंगारवाला घेईल तें दुसरें, कांच, औषधाच्या बाटल्या वगैरे अपायकारक तें तिसरें, आणि उरलेलें चौथें. मग भंगारवाल्यास बोलावून दुसरा ढीग तोलावा व जो पैसा येईल तो मुलांसमोर मोजावा. चौथ्या ढिगाकडे बोट करून त्यास विचारावें कीं, ह्याचें काय देशील? त्याचें उत्तर मुलांस ऐकूं द्यावें. किनाऱ्यावरचा कचरा कोठून येतो ह्या प्रश्नाचें उत्तर त्या ढिगांत आहे.

तो चौथा ढीग पुन्हा ओढ्यांत टाकूं नये हें सांगणें नकोच. तो कोरडा करून पोत्यांत भरावा. मदुरेच्या त्यागराजर अभियांत्रिकी महाविद्यालयांतील प्राध्यापक राजगोपालन वासुदेवन ह्यांनीं असें टाकाऊ प्लास्टिक बारीक करून तापलेल्या खडीवर पसरण्याची व त्यावर डांबर घालून रस्ते करण्याची रीत काढली. त्याबद्दल त्यांस २०१८ सालीं पद्मश्री मिळाली. ह्या रीतीस धुतलेलें व कोरडें प्लास्टिक लागतें आणि पी.व्ही.सी. चालत नाहीं, म्हणून पाइपांचे तुकडे आधींच निराळे काढावे. पोतीं ग्रामपंचायतींत नेऊन ठेवावीं, सरपंचांकडून पोंच घ्यावी, आणि तीं तालुक्यास केव्हां जाणार ह्याची तारीख लिहून मागावी. पोत्याचें तोंड सुतळीनें बांधावें.